'आर्बिट्ररी' म्हणजे नुसती मनमानी नव्हे : शिव्या पुरे, कारण मागा!



आपल्या चळवळीत एक इंग्रजी शब्द सध्या फार स्वस्त झाला आहे. तो शब्द म्हणजे 'आर्बिट्ररी'. घरकुलाच्या यादीतून नाव गेले, निर्णय आर्बिट्ररी. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, आर्बिट्ररी. जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग बदलला, आर्बिट्ररी. निवेदनात हा शब्द घातला आणि पुढे 'मनमानी कारभार बंद करा' अशी घोषणा जोडली की निवेदन जोरदार झाले असे आपल्याला वाटते. साहेब निवेदन घेतात, पोच देतात, फोटो निघतो. निर्णय मात्र जागचा हलत नाही.

तो का हलत नाही? कारण आपण हा शब्द शिवीसारखा वापरतो. शिवीला उत्तर द्यावे लागत नाही. प्रश्नाला द्यावे लागते. आणि 'आर्बिट्ररी' हा शब्द मुळात एक प्रश्न आहे : या निर्णयाला कारण काय?

आधी शब्द नीट समजून घेऊ. लॅटिनमध्ये 'आर्बिटर' म्हणजे पंच, निवाडा करणारा. त्याच मुळातून 'आर्बिट्रेशन' म्हणजे लवाद आला आणि त्याच मुळातून 'आर्बिट्ररी'. म्हणजे पंचाच्या मर्जीवर सोपवलेली गोष्ट. ज्यांनी गणित केले आहे त्यांना हा शब्द वेगळ्या रूपात भेटलेला असतो. तिथे आर्बिट्ररी संख्या म्हणजे कोणतीही घ्या, चालेल. भाषाशास्त्रात शब्द आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते असे शिकवतात. पाण्याला 'पाणी'च का म्हणायचे, याला कारण नाही. गणितात आणि भाषेत या कारण नसण्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण हाच प्रकार तहसीलदाराच्या, प्राचार्याच्या किंवा मंत्र्याच्या सहीत शिरला की कोणाचे तरी घर, शिक्षण, नोकरी जाते. 'कोणताही अर्जदार वगळा, चालेल' हे राज्यकारभारात चालत नाही. सत्तेच्या संदर्भात आर्बिट्ररी म्हणजे कारणाशिवाय, किंवा ज्याचा कामाशी संबंध नाही अशा कारणावर घेतलेला निर्णय.

आता 'मनमानी' हा शब्द बघा. त्यात 'मन' आहे. कोणाचे मन? साहेबांचे. म्हणजे मनमानी म्हटले की आपण माणसाच्या मागे लागतो. साहेब कोणत्या जातीचा, कोणाच्या गटाचा, त्याच्या मनात काय होते? हे सगळे खरे असेलही, पण मनातले सिद्ध करायचे कसे? साहेब म्हणतो, माझ्या मनात तसे काही नव्हते. विषय संपला. 'आर्बिट्ररी' म्हटले की बोट माणसाकडून कागदाकडे जाते. साहेब मनाने साधू असेल किंवा पक्का मनुवादी असेल, आपला प्रश्न एकच राहतो : तुमच्या आदेशात कारण कुठे लिहिले आहे?

हा फरक शाब्दिक नाही. तो एका माणसाला सर्वोच्च न्यायालयात कळला. ई. पी. रॉयप्पा हे तामिळनाडूचे मुख्य सचिव. त्यांना त्या पदावरून हलवले. त्यांचे म्हणणे होते की मुख्यमंत्र्यांनी आकसाने हे केले. आकस त्यांना सिद्ध करता आला नाही आणि १९७४ साली ते खटला हरले. पण त्याच निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी संविधानाच्या कलम १४ ला नवा अर्थ दिला. समता आणि मनमानी यांचे हाडवैर आहे, राज्याची कृती आर्बिट्ररी असेल तर तीच विषमता आहे, असा तो विचार. कलम १४ च्या शब्दांत 'आर्बिट्ररी' कुठेच नाही. तिथे फक्त कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण आहे. पण आज देशभर जो हा शब्द कोर्टात घुमतो, तो आला या हरलेल्या खटल्यातून. रॉयप्पांनी मन शोधले आणि ते हरले. त्यांच्यामागून आलेल्यांनी कारण शोधले, आणि त्यातले कितीतरी जिंकले.

सिन्नरला हे १९४१ सालीच माहीत होते

आपल्या सिन्नरच्या पोरांना गोंदेश्वराचे मंदिर माहीत असते, एमआयडीसी माहीत असते, आता समृद्धी महामार्गही माहीत आहे. पण ऑगस्ट १९४१ मध्ये बाबासाहेब सिन्नरला कशासाठी आले होते, हे किती जणांना सांगता येईल?

ते आले होते महार वतनाच्या जमिनीवरील वाढीव आकारणीविरुद्धच्या परिषदेसाठी. १९३९ च्या अखेरीस मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता आणि कारभार गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हाती होता. विधिमंडळात जाब विचारायचा मार्ग बंद होता. अशा वेळी सरकारने वतनी जमिनीवरचा कर वाढवला.

आता यातला तर्क बघा. वतनाची जमीन ही काही कोणी खुशीने दिलेली बक्षिसी नव्हती. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेला महार गावाचे आणि सरकारचे काम करायचा, रात्री-अपरात्री, सांगेल ते. त्या कामाचा मोबदला म्हणजे ही जमीन आणि बलुते. मग त्या जमिनीवर आकार वाढवणे म्हणजे काय? सरळ भाषेत पगारकपात. आणि पगार कापायचा असेल तर मालकाला सांगावे लागते की काम किती कमी केले. काम तेवढेच, कर जास्त, याला कारण काय? हा प्रश्न सिन्नरला उभा राहिला.

बाबासाहेब १९२८ पासून, कायदे मंडळात विधेयक मांडून, ही वतनाची गुलामी मोडायला निघाले होते. वतन त्यांना टिकवायचे नव्हते. तरीही त्यांनी या करवाढीविरुद्ध आघाडी उघडली. वाढीव कर भरायचा नाही, अशी करबंदीची हाक दिली आणि दुसरीकडे गव्हर्नरची भेट घेऊन बाजू मांडली. अखेर सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली.

लक्षात घ्या, तेव्हा संविधान नव्हते. कलम १४ नव्हते. रॉयप्पाचा निकाल तेहतीस वर्षे लांब होता. लोकांकडे दोनच गोष्टी होत्या : बिनतोड प्रश्न आणि तो विचारायला जमलेली माणसे. प्रश्न नसता तर ती नुसती गर्दी झाली असती. माणसे नसती तर तो नुसता अर्ज झाला असता. आज आपल्याकडे माणसे जमतात, झेंडे जमतात, डीजे जमतो. प्रश्न मात्र कच्चा असतो.

कारण कागदावर हवे, नंतर तोंडावर नको

एक चलाखी सगळ्या कार्यालयांत चालते. आधी निर्णय फेकायचा. कोणी ओरडले की मग कारण बनवायचे. 'अहो, निधी नव्हता.' 'वरून आदेश होता.' 'कागद अपुरे होते.' या चलाखीला सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच लगाम घातला आहे, आणि तो खटला आपल्या मुंबईचाच आहे.

गोरधनदास भानजी यांना अंधेरीत सिनेमागृह बांधायचे होते. पोलीस आयुक्तांनी १९४७ मध्ये परवानगी दिली आणि काही आठवड्यांत रद्द केली. पत्रात लिहिले होते की सरकारच्या निर्देशावरून परवानगी रद्द करण्यात येत आहे. कायद्याने अधिकार होता आयुक्तांचा. कोर्टात मात्र आयुक्त सांगू लागले की निर्णय माझाच होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते ऐकले नाही. सार्वजनिक आदेश त्यात जे लिहिले आहे त्यावरूनच वाचायचा. अधिकाऱ्याच्या डोक्यात काय होते, त्याला काय म्हणायचे होते, हे मागाहून सांगितलेले चालणार नाही. १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा ठामपणे सांगितले गेले.

'वरून आदेश आहे' हे वाक्य आपण रोज ऐकतो आणि मुकाट्याने घरी येतो. ज्याला कायद्याने अधिकार दिला आहे त्याने स्वतः विचार करून निर्णय घ्यायचा असतो. वरच्याच्या सांगण्यावरून सही ठोकली तर तो निर्णय तिथेच लंगडा होतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी साहेब 'वरून आदेश आहे' म्हणाला तर भांडू नका. एवढेच म्हणा : साहेब, हे लेखी द्या.

आणि ही चलाखी फक्त तालुक्यालाच चालते असे समजू नका. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी आठ लाखांची उत्पन्नमर्यादा ठरवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला विचारले, हा आकडा आणला कुठून? त्यानंतर, नोव्हेंबर अखेरीस, सरकारने त्रिसदस्यीय समिती नेमली आणि समितीने तोच आकडा योग्य ठरवला. आधी आकडा, मग प्रश्न, मग समिती, मग कारण! मागासवर्गीयांना आरक्षण देताना मात्र आयोग हवा, सर्वेक्षण हवे, आकडेवारी हवी, आणि तीही निर्णयाच्या आधी हवी. कारण मागण्याची सक्ती आपल्यालाच आणि कारण न देण्याची मोकळीक त्यांना, यालाच विषमता म्हणतात.

हा शब्द त्यांच्याही हातात आहे

आता कडू गोष्ट. 'आर्बिट्ररी' हा शब्द आपल्या मालकीचा नाही. तो आपल्याविरुद्धही वापरला गेला आहे आणि रोज वापरला जातो.

सिन्नर म्हणजे विड्यांचे गाव. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बायांनी सुपात पाने-तंबाखू घेऊन विड्या वळल्या. या विडी कामगारांना किमान वेतन ठरवून देण्याचा प्रश्न आला तेव्हा कारखानदार कोर्टात गेले. भिकुसा यमासा क्षत्रिय विरुद्ध संगमनेर-अकोला तालुका बिडी कामगार युनियन हा तो खटला. सिन्नरकरांना हे नाव सांगावे लागत नाही. मालकांचा एक मुद्दा कलम १४ चा होता. वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे वेतन ठरवण्याचा अधिकार सरकारला देणे हाच समतेचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वळणारणीच्या हातात चार पैसे जास्त जाऊ नयेत म्हणून समतेचा आधार घेतला गेला!

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला. ठिकाणागणिक राहणीचा खर्च वेगळा असतो, परिस्थिती वेगळी असते, म्हणून वेतन वेगळे असू शकते. वेगळी वागणूक म्हणजे आपोआप मनमानी नव्हे. वेगळेपणाला कारण असेल आणि त्या कारणाचा उद्देशाशी मेळ असेल, तर ती वेगळी वागणूक समतेतच बसते.

हा निकाल प्रत्येक आंबेडकरी तरुणाने पाठ करावा असा आहे. कारण कॉलेजच्या कट्ट्यावर आपल्याला रोज हेच ऐकवतात : 'आरक्षण आर्बिट्ररी आहे, कमी मार्कांवर प्रवेश कसा?' आपण चिडतो, भावनिक होतो. चिडू नका. विडी कामगारांचे उत्तर द्या. आरक्षणाला कारण आहे. ते संविधानाच्या कलम १५ आणि १६ मध्ये छापलेले आहे, हजारो वर्षांच्या बंदीत लिहिलेले आहे. उद्देश आहे सत्तेत आणि शिक्षणात प्रतिनिधित्व. कारण आणि उद्देश यांचा मेळ उघड्या डोळ्यांना दिसतो. ज्याला कारण आहे ते आर्बिट्ररी नाही. संपले.

बाबासाहेब या कसोटीला घाबरले नाहीत. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या कलम १६ वर बोलताना त्यांनी सांगितले की एखाद्या सरकारने आरक्षण इतके वाढवले की संधीच्या समानतेचे तत्त्वच उरले नाही, तर कोणीही न्यायालयात जाऊ शकेल, आणि सरकार विवेकी, शहाण्या माणसासारखे वागले का हे न्यायालय तपासेल. आपल्याच हक्काला विवेकाची कसोटी लावू द्यायला जो नेता तयार आहे, त्याच्या अनुयायांनी 'आम्हाला कारण विचारू नका' असे कधीच म्हणू नये. आपण कारण देऊ. आणि मग समोरच्याकडून व्याजासकट कारण मागू.

जात लहरी नाही, ती नियमाने चालते

काही मित्र म्हणतील, जातीचा अन्याय हीच सगळ्यात मोठी मनमानी. इथे शब्दाचा अर्थ धारदार ठेवा. जात लहरीवर कधीच चालली नाही. ती फार शिस्तशीर आहे. कोणी कुठे बसायचे, कोणी कोणाच्या हातचे पाणी घ्यायचे, कोणत्या गुन्ह्याला कोणत्या वर्णाला किती शिक्षा, सगळे नियमात बसवलेले. रोज तोच नियम, पिढ्यान्‌पिढ्या. 'मनमानी' हा शब्द इथे तोकडा पडतो. गावातला एखादा पाटील मनाने चांगला असला तरी पाणवठा बंदच राहिला, कारण बंदी त्याच्या मनात नव्हती, नियमात होती.

'आर्बिट्ररी' हा शब्द मात्र इथेही पुरतो. कारण त्या सगळ्या नियमांच्या मुळाशी गेलात तर एकच उत्तर मिळते : जन्म. आणि जन्म हे कारणच नाही. ते कोणाच्या हातात नाही, त्याचा पाण्याशी संबंध नाही, पुस्तकाशी संबंध नाही, देवळाच्या दाराशी संबंध नाही. म्हणूनच मनुस्मृतीला तर्काची एवढी भीती. तर्काच्या आधारे श्रुती-स्मृतींचा अवमान करणाऱ्याला बहिष्कृत करा, असे ती सांगते. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी हेच दाखवून दिले की शास्त्राने विवेकाची वाट बंद केली आहे. ज्या व्यवस्थेला 'का?' हा प्रश्न सहन होत नाही, ती व्यवस्था कारणावर उभी नसते. आणि ज्या बुद्धाने परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका असे कालामांना सांगितले, त्याच्याकडे आपण उगाच गेलो नाही.

माणसाची 'छाट'

विडी कारखान्यात एक शब्द आहे, 'छाट'. बाईने दिवसभर वळलेल्या विड्या मोजून घेताना काही नापास करून बाजूला टाकायच्या, त्या छाट. नापास का? बारीक झाली, सैल झाली, तोंड नीट नाही, घेणाऱ्याला वाटले म्हणून. त्या विड्यांची मजुरी बाईच्या हातून जायची. या एका शब्दावर किती घरांची चूल अवलंबून होती म्हणून १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नापास विड्यांबाबतचा वाद सोडवण्याची वेगळी तरतूद करावी लागली. म्हणजे विडी नापास का केली, याचा जाब विचारायची सोय देशाच्या त्या कायद्यात होती.

आता माणसाकडे वळू. विद्यापीठांत, संस्थांत राखीव जागांची जाहिरात निघते. आपली मुले नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली. मुलाखत होते. निकालात तीन इंग्रजी शब्द येतात : 'नॉट फाउंड सूटेबल'. योग्य उमेदवार आढळला नाही. जागा रिकामी राहते. योग्य का नाही? कशात कमी? मोजले कशाने? काही नाही. ही माणसाची छाट आहे. विडीच्या छाटेला कायद्यात जाब होता, पीएच.डी. झालेल्या माणसाच्या छाटेला तीन शब्द पुरतात!

इथे 'समिती जातीयवादी होती' हे सिद्ध करत बसलात तर रॉयप्पा व्हाल. १९८० च्या अजय हासिया प्रकरणाचा रस्ता धरा. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडीला ५० गुण होते. तोंडी परीक्षा एकेका मुलाची दोन-तीन मिनिटे चालली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण तोंडीला ठेवणे हेच आर्बिट्ररी आहे, पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नये. परीक्षकाच्या मनात डोकावायची गरज पडली नाही. पद्धत बघितली आणि पद्धतच उघडी पडली. प्रवेशासाठी घालून दिलेली ही मोजपट्टी नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीला जशीच्या तशी लागत नाही, पण प्रश्न विचारण्याची रीत तीच. मुलाखतीचे निकष आधी ठरले होते का? कोणत्या निकषाला किती गुण? प्रत्येक सदस्याने किती दिले? मुलाखत किती मिनिटे? हे कागद मागा.

मग करायचे काय?

निवेदनात 'मनमानी कारभाराचा निषेध' एवढेच लिहून थांबू नका. खाली तीन ओळी लिहा. या निर्णयाचे लेखी कारण काय? त्या कारणाचा योजनेच्या उद्देशाशी संबंध काय? आमच्यासारख्याच दुसऱ्या अर्जदारांना हेच कारण लावले का? या तीन ओळींना साहेबांना उत्तर द्यावे लागते, किंवा उत्तर नाही हे उघड होते. दोन्हींत आपला फायदा.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो वापरा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अपील कधीपर्यंत करता येईल तेही कळवावे लागते. जातीच्या दाखल्याचा अर्ज नाकारतानाही सक्षम प्राधिकाऱ्याला लेखी कारण द्यावे लागते. खिडकीवरून 'होणार नाही' असे तोंडी सांगून परत पाठवणे हा नकारच नाही, ती टोलवाटोलवी आहे. अर्ज दाखल करा, पोच घ्या आणि नकार लेखी मागा.

माहितीच्या अधिकारात एक खाच आहे, ती ओळखा. कायद्याच्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये म्हटले आहे की 'का?' या प्रश्नाचे उत्तर तयार करून देणे म्हणजे माहिती देणे नव्हे. म्हणून अर्जात 'माझे नाव का वगळले?' असे विचारू नका. 'माझे नाव वगळण्याचा निर्णय ज्या टिपणीवर, ठरावावर व आदेशावर झाला त्यांच्या प्रमाणित प्रती द्या' असे लिहा. कारण असेल तर त्या कागदात सापडेल. कागदात कारण नसेल, तर आता तुमच्या हातात पुरावा आहे आणि 'आर्बिट्ररी' हा शब्द लिहिण्याचा खरा अधिकार तुम्हाला त्या क्षणी मिळतो. त्याआधी नाही.

हे काम मोर्चापेक्षा कंटाळवाणे आहे, हे खरे. पण मोर्चा सोडा असे म्हणणे नाही. सिन्नरच्या परिषदेत प्रश्नही होता आणि माणसेही होती, म्हणून गव्हर्नरला ऐकावे लागले. पोटापुरत्या जमिनीवर कर वाढलेली, पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलेली माणसे इंग्रज सरकारला विचारत होती, याला कारण काय? आपण तर शिकलेले आहोत. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातला पहिला शब्द 'शिका' आहे, आणि शिकलेल्या माणसाचे पहिले लक्षण म्हणजे तो कारण मागतो.

जयभीम! जय संविधान!